दोन प्रसंगांमधला अंधार

सारा केन (१९७१-१९९९) हिचे ‘ब्लास्टेड’ जानेवारी १९९५मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टच्या वरच्या, लहान रंगमंचावर आले, तेव्हा वृत्तपत्री समीक्षकांनी त्यातील हिंसेविरुद्ध गदारोळ केला. बलात्कार, डोळे काढणे, मृत अर्भक खाणे अशी अत्याचारांची जणू यादीच छापली गेली. या यादीत एक गोष्ट झाकली जाते : नाटकातला पहिला बलात्कार प्रेक्षकाला दिसतच नाही.

लीड्समधील महागड्या हॉटेलची खोली. पंचेचाळीस वर्षांचा आजारी पत्रकार इयन आणि एकवीस वर्षांची केट. पहिल्या प्रसंगाअखेर तो तिला फुले देऊ करतो. अंधार होतो, पावसाचा आवाज येतो. दुसऱ्या प्रसंगात उजाडते तेव्हा फुलांच्या चिंध्या खोलीभर विखुरलेल्या असतात. संहितेचा वाचक नकळत मागचे पान उलटून पाहतो. तेथे काहीच नसते. ओळखीच्या माणसाने केलेली हिंसा बहुधा अशीच साक्षीदाराविना घडते. तिसऱ्या प्रसंगात सैनिक इयनवर बलात्कार करतो तो मात्र प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. पुरुषावरील अशा अत्याचाराला इंग्लंडच्या कायद्याने ‘बलात्कार’ म्हटले ते १९९४मध्ये, या प्रयोगाच्या जेमतेम काही आठवडे आधी.

स्त्रीची वेदना अंधारात ढकलून पुरुषाची तेवढी दृश्य केली, असा आक्षेप येथे घेता येईल. तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही. परंतु रंगभूमीवर स्त्रीदेहाची विटंबना पाहण्याची वस्तू होण्यास वेळ लागत नाही. केन ती सोय प्रेक्षकाला नाकारते.

इयनचा पेशाही येथे अर्थपूर्ण ठरतो. परदेशात खून झालेल्या ब्रिटिश तरुणीची बातमी तो फोनवरून चवीने सांगतो. सैनिकाच्या प्रेयसीवर बलात्कार करून तिला मारले गेले. ते जगाला सांग, असे सैनिक विनवतो तेव्हा मात्र हा आपला विषय नव्हे, असे म्हणून तो अंग काढून घेतो. नाटक लिहिले जात असताना केनने दूरचित्रवाणीवर स्रेब्रेनित्साचा वेढा पाहिला होता. लीड्सची खोली आणि बोस्निया यांमधली भिंत तिने स्फोटाने पाडली ती त्यानंतरच.

शेवटी केट अन्न घेऊन परतते. तिच्या पायांवरून रक्त ओघळत असते. अन्नाची किंमत तिने कशी चुकवली, तेही पडद्याआडच. ती आंधळ्या इयनला भरवते, तो आभार मानतो. या आभारांत अनेकांना उद्धाराची खूण दिसते. पण ते आभार अन्नाचे आहेत. त्या रात्रीविषयी त्यात एक अक्षरही नाही.