शेजारची टेकडी

ओरिएंटिअरिंगच्या नकाशात पांढरा रंग म्हणजे रिकामी जागा नव्हे. सहज धावता येईल असे ते जंगल. स्टॉकहोमच्या दक्षिणेला, जिथे मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली या खेळाची मोठी स्पर्धा भरवली, त्याच परिसरात नकाशा आणि होकायंत्र घेऊन मी काही वर्षे हौसेने वाट चुकतो आहे.

गेल्या आठवड्यात ती हौस पुरती फिटली. मंगळवारच्या सरावात दलदलीत बूट रुतला, गुरुवारी घोटा दुखावला. पण सलते आहे ते रविवारच्या स्पर्धेतले. नकाशात टेकडी होती, तिच्या उत्तरेला कडा. समोरही टेकडी होती, कडाही. पायथ्याशी एक डबके होते, ते नकाशात त्या जागी नव्हते. पावसाचे पाणी साचले असेल, असे मी ठरवून टाकले. नारिंगी-पांढरे निशाण दिसल्याच्या आनंदात त्यावरचा क्रमांक न पाहताच नोंद केली. मी शेजारच्या टेकडीवर होतो. खरे ठिकाण राहूनच गेले; निकालात नावापुढे ‘बाद’.

इथे येण्यापूर्वी मी महाविद्यालयात मराठी शिकवीत असे. एका विद्यार्थिनीने माझ्या अन्वयार्थात न बसणारी ओळ दाखवली, तेव्हा ‘ती केवळ वृत्तासाठी आहे’ म्हणून मी तिला खाली बसवले होते. वर्ग हसला होता. तिने पुन्हा कधी काही विचारले नाही.

रात्री नकाशा पुन्हा उघडला. डबके त्यात होते, माझ्या टेकडीपासून बोटभर अंतरावर, चांगले ठसठशीत निळे.