पंधरा अंकांची शिस्त

शासकीय कामासाठी संगणकप्रणाली घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, "कंपनी कोणती आणि खर्च किती?" मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, संगणकशास्त्राचा नव्हे. तरीही माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा : दोन विभाग एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार, आणि ती भाषा कोणाच्या मालकीची?

सरकारी हिशेबापुरते याचे उत्तर संविधानाने संगणकाआधीच दिले आहे. अनुच्छेद १५० नुसार केंद्र व राज्ये यांच्या हिशेबाचा नमुना नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात. केंद्राचे लेखाशीर्ष सहा स्तरांचे, १५ अंकी असते. प्रधान शीर्षाचा पहिला अंक व्यवहाराचे स्वरूप सांगतो : शिक्षणाची जमा ०२०२, सर्वसाधारण शिक्षणाचा महसुली खर्च २२०२, शिक्षणावरील भांडवली खर्च ४२०२, कर्जे ६२०२. गौण शीर्षापर्यंतची रचना देशभर समान. त्याखालचे स्तर ज्याने त्याने गरजेप्रमाणे ठरवावेत. म्हणूनच गुवाहाटीच्या कोषागारातील नोंद चेन्नईच्या हिशेबनिसाला वाचता येते. सांधा पक्का, आतली मांडणी मोकळी. खुली, घटकाधारित रचना म्हणजे याहून वेगळे काय?

हेच तत्त्व प्रणालीला लावावे. अर्थसंकल्प, देयक, निवृत्तिवेतन, बँक-प्रदान हे स्वतंत्र घटक असावेत. प्रत्येकाने आपली माहिती स्वतः सांभाळावी. इतरांशी फक्त ठरलेल्या नमुन्यातील संदेशांनी बोलावे. मग वेतन आयोगाच्या शिफारशी लागू झाल्या तरी बँक-प्रदानाच्या घटकाला हात लावावा लागत नाही. दूरच्या कोषागाराची तार तुटली तरी तेथील काम चालू राहते आणि संदेश नंतर जातो. मात्र प्रत्येक संदेशाला एकमेव क्रमांक हवा; नाहीतर पुन्हा पाठवलेले देयक दोनदा अदा होईल.

हे न केल्याचे मोल मी एका कार्यालयात पाहिले. कंत्राट संपले, पुरवठादार गेला. माहितीच्या तक्त्यांची रचना करारात मागितलेलीच नव्हती. निवृत्तिवेतनधारकांच्या नोंदी कागदावर छापून कारकुनांनी पुन्हा टंकल्या. तेवढे महिने कित्येक वृद्धा कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी खिडकीशी उभ्या होत्या. प्रणाली बदलण्याचा हा खर्च कोणत्याच निविदेत दिसत नाही. तो भरतो तो नागरिक.

केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आले. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर व खुल्या जोडण्यांची धोरणे २०१५ मध्ये. पण धोरण निविदेत उतरले तरच खरे. त्यासाठी तीन अटी पुरेत :

१. माहितीची रचना व संदेशांचे नमुने शासनाच्या मालकीचे व प्रकाशित असावेत.

२. कोणताही एक घटक दुसऱ्या पुरवठादाराकडून बदलून घेता यावा, आणि तसे एकदा प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये.

३. सर्व माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढण्याची चाचणी दरवर्षी व्हावी.

यातली एकही अट तांत्रिक नाही. त्या लिहिण्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही. निविदेवर सही करणारा अधिकारी पुरतो.