न फिरणारा भोवरा

शिक्षकाच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. एकच चूक दरसाल नव्या श्रोत्यांपुढे करता येते, आणि जुने श्रोते ती पकडावयास परत येत नाहीत. आमच्या हातून अशी एक चूक सुमारे वीस वर्षे नियमितपणे घडली. पदार्थविज्ञानाच्या वर्गात इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन' या गुणाचा पाठ आला की आम्ही फळ्यावर एक भोवरा काढीत असू. त्याला आर काढावयाची, भोवती एक बाण फिरवावयाचा आणि सांगावयाचे की, इलेक्ट्रॉन हा असा स्वतःभोवती फिरतो; एका बाजूने फिरला तर त्याच्या चुंबकत्वाचे तोंड वर, दुसऱ्या बाजूने फिरला तर खाली. भोवरा सर्वांच्या ओळखीचा असल्यामुळे वर्ग खूश होई, आणि वर्ग खूश झाल्यामुळे आम्हीही खूश होत असू.

एके वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "सर, इलेक्ट्रॉन इतका लहान आहे, तर एवढे चुंबकत्व येण्यासाठी त्याची कड किती वेगाने फिरत असेल?" प्रश्न सरळ होता, आणि उत्तर आम्हांस येत नव्हते. आम्ही म्हणालो, "हे परीक्षेला नाही." वर्ग हसला, मुलगी खाली बसली. त्या वर्षात तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही, हे आमच्या लक्षात यावयास मात्र पुष्कळ काळ लागला.

त्याच रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. इलेक्ट्रॉनची जी त्रिज्या जुने ग्रंथ देतात ती धरून हिशेब केला, तो कडेचा वेग प्रकाशवेगाच्या कितीतरी पट भरला. पुढे शोध घेता कळले की, 1925 साली हॉलंडमधील लायडन येथे ऊलेनबेक व खाउटस्मिट या दोन तरुणांनी स्पिनची कल्पना मांडली, तेव्हा वयोवृद्ध लोरेंट्झ यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. ते तरुण इतके घाबरले की आपले टिपण परत मागावयास गेले. परंतु त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी ते आधीच छापावयास धाडले होते, आणि तुमच्या वयाला एखादा मूर्खपणा शोभून जाईल, अशा अर्थाचे सांत्वन त्यांनी केले. म्हणजे आमच्या मागच्या बाकावर लोरेंट्झ यांची शंका येऊन बसली होती, आणि आम्ही तिला परीक्षेचा धाक दाखवून खाली बसविले!

तर मग इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरत नाही. पण म्हणून स्पिन ही निव्वळ कल्पना आहे काय? तसेही नाही. 1915 साली बर्लिन येथे आइन्स्टाइन व लोरेंट्झ यांचे जामात डे हास यांनी लोखंडाची एक कांडी तंतूला टांगून तिचे चुंबकत्व उलटविले, तेव्हा ती कांडी खरोखरच अंगाला पीळ घेऊ लागली. लोखंडाच्या चुंबकत्वापाठीमागे काहीतरी फेर धरून आहे, हे त्यावरून उघड झाले. गंमत अशी की, इलेक्ट्रॉन केंद्राभोवती घिरट्या घालतात त्याचेच हे चुंबकत्व, असे त्या उभयतांनी गृहीत धरले होते, आणि मोजमापही त्यांना गृहीताला जुळेल असेच मिळाले. पुढील काही वर्षांत इतरांनी तोच प्रयोग केला, तेव्हा फेराचे माप अपेक्षेच्या निम्मेच भरले. घिरट्यांनी हिशेब जुळेना. त्याला स्पिनच हवा होता. जे पाहावयाचे ठरविले तेच दिसणे, हा दोष आइन्स्टाइनलाही चुकला नाही, हे वाचून आम्हांस जे समाधान झाले ते फारसे उदात्त नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता, डोळ्यांना न दिसणारे हे डावेउजवेपण ओळखावे कसे? याचे उत्तर आम्हांस एका देवळाच्या पायरीवर उमगले. श्रावणातील कीर्तन संपता संपता वीज गेली. बाहेर वहाणांचा ढीग. आम्ही प्रथम छत्रीच्या टोकाने चाचपडून पाहिले; वहाण आहे एवढे कळे, परंतु डावी की उजवी ते कळेना. अखेर पाय घातला आणि तत्क्षणी कळले. छत्रीच्या टोकाला डावेउजवे नाही, पायाला आहे. ज्या वस्तूत हा भेद आहे तिला तो विचारावयाचा, तर विचारणाऱ्याच्या अंगीही तोच भेद असावा लागतो.

प्रकाशाला असा पाय आहे. त्याला वर्तुळ-ध्रुवित प्रकाश म्हणतात. तो मळसूत्रासारखा उजवा किंवा डावा पीळ घेऊन पुढे जातो. चुंबकाशी त्याचे काही नाते आहे याचा पहिला सुगावा फॅराडे यांना 1845 साली लंडनमध्ये लागला होता. चुंबकाजवळ ठेवलेल्या जड काचेतून जाताना प्रकाशाची कंपनदिशा वळते, असे त्यांना आढळले, आणि त्याचे कारण एवढेच की उजवा व डावा पीळ त्या काचेतून सारख्या वेगाने जात नाहीत. पदार्थाने एक पीळ अधिक व दुसरा कमी शोषावा, यास वर्तुळ-द्विवर्णता असे भारदस्त नाव आहे. हीच कसोटी क्ष-किरणांनी लोखंडावर प्रथम लावली ती गिसेला श्युट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हॅम्बुर्ग येथे, 1987 साली. वर्तुळात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून निघणारे क्ष-किरण त्या वर्तुळाच्या पातळीच्या किंचित वर एका पिळाचे व किंचित खाली दुसऱ्या पिळाचे असतात. त्यांचाच त्यांनी उपयोग केला. दोन पिळांच्या शोषणात फरक आढळला तो दहा हजारांत काही भाग इतकाच. पण फरक होता. 1990 साली निकेलवर, निराळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी, तो कितीतरी पटींनी ठळक दिसला.

यातील मर्म थोडक्यात असे. क्ष-किरण लोखंडाच्या अणूतील आतल्या कवचामधून एक इलेक्ट्रॉन उचलतो व बाहेरच्या कवचातील रिकाम्या जागी बसवितो. आतल्या कवचात इलेक्ट्रॉनची घिरटी व त्याचा स्पिन यांची गाठ बांधलेली असते. त्यामुळे किरणाचा पीळ काही अंशी स्पिनलाही लागतो आणि एका पिळाचा किरण एका जातीचे स्पिन अधिक उचलतो. बाहेर मात्र दोन्ही जातींना सारख्या जागा मोकळ्या नसतात, कारण चुंबक म्हणजेच ही असमानता. ज्याला जागा अधिक, त्याचे शोषण अधिक. लोखंडात हे सुमारे 707 व 720 इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशा दोन ठिकाणी घडते, आणि फरकाचे चिन्ह दोहोंत उलट येते. कोबाल्टची ठिकाणे निराळी असल्यामुळे मिश्रधातूतही लोखंडाला व कोबाल्टला वेगवेगळे बोलावून जबानी घेता येते. 1992 व 1993 साली पदार्थवैज्ञानिकांनी असे नियम काढले की या दोन फरकांच्या एका बेरजेतून घिरट्यांचा वाटा कळावा व दुसऱ्या मांडणीतून स्पिनचा. 1995 साली लोखंड व कोबाल्ट यांच्यावर ते पडताळले गेले. लोखंडाच्या चुंबकत्वात घिरट्यांचा वाटा विसाव्या हिश्शाहूनही कमी. बाकी सारे स्पिनचे. बर्लिनच्या कांडीने विचारलेल्या प्रश्नाची वाटणी ऐंशी वर्षांनी इतकी स्वच्छ झाली.

म्हणजे स्पिन खरा आहे, मोजता येतो. फक्त तो कशाच्या फिरण्यासारखा आहे हे सांगता येत नाही. ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणावयास आम्हांस वीस वर्षे लागली. आता आम्ही फळ्यावर भोवरा काढीत नाही. वहाणांची गोष्ट सांगतो, दोन पिळांचे आलेख काढतो, आणि इलेक्ट्रॉनच्या आत काय फिरते असे कोणी विचारलेच तर, आम्हांस ठाऊक नाही, आणि बहुधा काहीच फिरत नाही, असे उत्तर देतो. वर्ग पूर्वीइतका खूश होत नाही. वहीत उतरून घेण्याजोगे चित्र नसल्यामुळे काही जण नाराजही होतात.

ती विद्यार्थिनी आज कोठे आहे, कोण जाणे. तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर अन्यत्र कोठे मिळाले असेल, अशी आशा आहे. आम्ही तिला एवढेच सांगावयास हवे होते की, मुली, तुझा हिशेब बरोबर आहे. चूक फळ्यावरच्या भोवऱ्याची आहे. ते त्या दिवशी सांगितले नाही. म्हणून ते येथे लिहून ठेवीत आहो.