नवापूर गेलं का?

उद्या एकटीच अमळनेरला निघायचं. पर्वत पाटियातून उधना, तिथून ताप्ती लाइनची गाडी.

मी कुठवर पोचले ते घरच्यांना कळायला वेगळं यंत्र विकत घ्यायची गरजच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. अमळनेरपर्यंत आठ तास पुरतात. गूगल मॅप्सवर तर आपण बंद करेपर्यंत चालतं, आणि फोनची बॅटरी किती उरली तेही समोरच्याला दिसतं. मला हे फार मोलाचं वाटतं. ठिपका थांबला की घरच्यांच्या मनात आधी भलतंच येतं.

आईकडे मात्र बटणाचा फोन. तिला नकाशा नकोच, स्टेशनं तोंडपाठ आहेत: बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात; ते गेलं की तिच्या लेखी लेक आपल्या मुलखात आली. डब्याचा नंबर आणि गेलेलं स्टेशन, एवढा एसएमएस तिला पुरतो. नेट गेलं तरी तो बहुधा पोचतो. रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९ मी तिच्या फोनमध्ये घालून ठेवलाय.

लोकेशन फक्त भावाला पाठवीन. नातेवाइकांच्या ग्रुपवर मुळीच नाही; एकटीनं जाणाऱ्या बाईचा ठिपका सगळ्या गोतावळ्यानं कशाला बघायचा?