फॉर्म तात्यांनाही भरता आला पाहिजे

शिंपी महागाच्या कापडावर एकदम पक्की शिवण मारीत नाही. आधी कच्चे टाके घालतो, अंगावर चढवून बघतो, काखेत आवळते का ते विचारतो, मग मशीनवर बसतो. मोबाइल आणि संगणकावरच्या कामाचेही असेच कच्चे टाके असतात. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. बटण दाबले की पुढचा पडदा येतो, रकाना चुकला की सूचना मिळते, पण मागे खरी यंत्रणा काहीच नसते. वापरणाऱ्याला सोयीचे जावे असे पडदे आखण्याचे हे काम आम्ही दोघे भावंडे सहा महिन्यांपासून रात्री शिकत आहोत. दिवसा एक जण कुरिअर वाटतो, दुसरी दवाखान्यात केसपेपर काढते.

शिकवणीत सुरुवात झाली ती चित्रांपासून. पडद्यांची चित्रे काढायची आणि एक दुसऱ्याला जोडायचे. डोळसाला ते अगदी खऱ्यासारखे वाटते. पण आमच्या घरात तात्या आहेत, वडिलांचे थोरले भाऊ. जन्म 1955 चा, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. अँड्रॉइड फोनमधल्या टॉकबॅकवर त्यांचा सारा व्यवहार. बोट फिरवले की पडद्यावरचे शब्द ऐकू येतात, दोनदा टकटक केली की बटण दाबले जाते. शिकवणीतला नमुना त्यांच्या हाती दिला, तर फोनला त्यात वाचण्याजोगे काही सापडेना. बरोबरच आहे. तिथे बटणाचे चित्र होते, बटण नव्हते.

आम्हाला हा हौसेचा विषय नाही. एका कार्यालयाचा ऑनलाइन फॉर्म भरायला तात्यांना दर वेळी नाक्यावरच्या दुकानात जावे लागते. तिथल्या पोराला आधार क्रमांक, बँकेचे खाते, शेवटी फोनवर आलेला ओटीपी, सगळे मोठ्याने सांगायचे. रांगेतली माणसे ऐकत असतात. आयुष्यभर स्वतःच्या सहीने पगार उचललेल्या माणसाला हे किती लागत असेल!

म्हणून त्याच धर्तीचा फॉर्म आम्ही एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिच्यात बांधायला घेतला. तिच्यात बटण लिहिले की ते खरेच बटण होते. रकान्याला त्याचे नाव नीट जोडले की फोन 'मोबाइल क्रमांक' असे स्पष्ट बोलतो. पानाची भाषा मराठी आहे, हेही वर लिहावे लागते. नाहीतर मराठी मजकूर भलत्याच आवाजाच्या तोंडी पडण्याचा संभव.

जन्मतारखेवर आमचा बराच वेळ गेला. अनेक फॉर्मांत त्यासाठी कॅलेंडर उघडते आणि एकेक महिना मागे जावे लागते. तात्यांना 1955 गाठायचे तर 800 हून अधिक वेळा टकटक करावी लागेल! आम्ही दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने ठेवले. चूक दाखवायला नुसती लाल चौकट पुरत नाही, कारण लाल रंग ऐकू येत नाही. 'मोबाइल क्रमांकात 10 अंक हवेत' असे शब्दांत लिहायचे, फोनने ते आपणहून बोलायचे आणि बोट त्याच रकान्यावर न्यायचे, अशी व्यवस्था केली. ओटीपीला वेळ वाढवून मागण्याचे बटण ठेवा, ही तात्यांची सूचना. पहिल्या वेळी सगळे रकाने भरायला त्यांना अकरा मिनिटे लागली. मध्ये कोणी बोलायचे नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. ओटीपी टाकताना त्यांनी फोन छातीशी धरला. तो ओटीपी खोटाच होता, हे त्यांना ठाऊक होते.

यातले बहुतेक नियम आम्ही शोधलेले नाहीत. वेबची मानके ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने ते लिहून ठेवले आहेत. 2023 च्या आवृत्तीत बटणाचा किमान आकारही आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक निदान 4.5 ला 1 हवा, मोठ्या अक्षरांना 3 ला 1. फिकट राखाडी अक्षरे रिक्षा चालवणाऱ्या मामालाही भर उन्हात दिसत नाहीत, आणि त्याचे डोळे चांगले आहेत. संगणकावर ऐकून तपासायला एनव्हीडीए हे मोफत साधन आहे. ते 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी उभे केले. आमच्या जुन्या लॅपटॉपवर ते बिनतक्रार चालते.

कायदाही बाजूने आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध अर्जदारांच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल दिला. तरी पडदा आखणाऱ्याच्या टेबलावर हे पोचायला वेळ लागतोच, असे आम्हाला दिसते.

चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगणारा कॅप्चा अजून राहिला आहे. त्याऐवजी काय ठेवावे याची खटपट चालू आहे. येत्या रविवारी आत्या बसणार आहे. तिचा उजवा हात थरथरतो, बोट नेमके पडत नाही. तिच्यासाठी बटणांमधली जागा वाढवून ठेवली आहे.