तिसरं धुणं

विषाणू पेशीला चिकटला की आत शिरला, हे वेगळं करून दाखवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ४ अंशांवर चिकुनगुन्याचा विषाणू पेशीला धरतो, आत जात नाही. मोकळे राहिलेले धुऊन काढायचे आणि मग प्लेट ३७ वर ठेवायची. सगळं अडतं ते या धुण्यात. थंडीने पेशी आखडलेल्या असतात. व्हेरो पेशी तग धरतात, बीएचके पेशी तळ सोडतात. कमी धुतलं तर मोकळे विषाणू ऊब मिळताच आत शिरतात, आकडा फुगतो. जास्त धुतलं तर मोजायला पेशींचा थरच उरत नाही. पहिली दोन धुणी कुणीही करतं. तिसऱ्याला प्लेट किती कलती धरायची, पिपेटचं टोक कडेला कुठे टेकवायचं, हे लिहून देता येत नाही.

आता माझा अंगठा कापतो. तिसरं धुणं विद्यार्थिनी करते. तिची रंगवलेली प्लेट हातात आली की मी आधी थर कुठे फाटलाय ते शोधते. फाटलेला नसतो. ‘मॅडमच्या हाताला तोड नाही’ हे ऐकायची सवय झाली होती; ते आता सलतं.

हल्ली नुसत्या पीसीआरवर भागवतात. तो आरएनए मोजतो. विषाणू आत आहे की बाहेर, ते सांगत नाही. अशा आकड्यांवर ‘प्रवेश’ लिहिलेलं वाचलं की संताप येतो.

२०१८ साली एमएक्सआरए-८ सापडलं, चिकुनगुन्या पेशीवरचं जे प्रथिन धरतो ते. गाईच्या या प्रथिनात १५ अमिनो आम्लांचा जादा तुकडा आहे; विषाणूला तिथे पकड मिळत नाही, हे २०२० मध्ये कळलं. मला आमचं शेंद्र्याचं घर आठवलं. २००६ च्या साथीत आम्ही सगळे भिंत धरून चालत होतो, गोठ्यात गाई निवांत रवंथ करत होत्या.

डासात मात्र हे प्रथिन नाहीच. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये पुण्यात एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्यांतूनच इगाराशींनी निवडलेल्या सी६/३६ पेशी जगभर वापरात आहेत. त्यांत चिकुनगुन्या बिनदिक्कत शिरतो. कशाला धरून? त्या तळाला इतक्या सैल बसतात, की माझं तिसरं धुणं त्यांच्यावर कधी मनासारखं झालं नाही. विद्यार्थिनी म्हणते, पेशी सोडवूनच घेऊ, नळीत धुऊ, हळू फिरवून तळाला बसवू. त्यात हाताचं कसब लागत नाही, म्हणूनच मी बरेच दिवस नकार देत राहिले. परवा हो म्हटलं.