कोरियन पंगतीत दोन विहिणी

पुण्यात कुणालाही "मी तळेगावची" म्हणून सांगा, समोरचा लगेच विचारतो, "दाभाडे ना?" नाही हो! आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं, वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. रात्रंदिवस ट्रका नि बसगाड्या थांबतात, माणसं उतरतात, जेवतात, पुढे जातात. आम्ही गावातल्या बायका मात्र त्या ढाब्यांची पायरी क्वचितच चढतो. घरी भाकरी असताना बाहेर कशाला? अशा माझ्यासारखीने अठ्ठावन्नाव्या वर्षी थेट कोरियन हॉटेलात जेवावं, म्हणजे बघा!

त्याला कारण ते दुसरं तळेगावच. तिथला जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने २०२३ साली केला. रांजणगावला एल.जी.चा कारखाना तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. कामासाठी तिकडची माणसं आली, आणि माणूस आला की त्याचं लोणचं मागोमाग येतंच. पुण्यात त्यांची छोटी छोटी हॉटेलं निघाली. त्यातलं एक माझ्या लेकीच्या घराजवळ आहे.

लेक म्हणाली, "आई, तू नि अहो आई, दोघींना घेऊन जाते." माझ्या पोटात गोळाच आला. खाण्याचा नव्हे, विहीणबाईंचा.

तुमच्यापासून काय लपवायचं? तीन वर्षांपूर्वी लग्नात पहिल्या पंगतीला उशीर झाला. वरमाई ताटावरून तशाच उठल्या. आमच्याकडून धावाधाव, माफी, सगळं झालं. पण त्यानंतर आमचं बोलणं "बरं आहे ना" एवढ्यावरच. तेही लेकीच्या फोनवरून.

हॉटेल म्हणजे घराच्या पडवीसारखं, सहा टेबलं. मालकीणबाई साधारण माझ्याच वयाच्या, ॲप्रन बांधलेल्या. आम्ही काही मागवायच्या आतच टेबलावर आठ-दहा वाट्या आल्या. मोड आलेले दाणे, पालक, मुळा, काकडी, बटाटा, आणि लालभडक किमची. याला बानचान म्हणतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि वाटी संपली की पुन्हा भरून मिळते. म्हटलं, ही तर आपली ताटाची डावी बाजू! फक्त प्रत्येकीची वेगळी नाही, सगळ्यांची मिळून.

शाकाहारी मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. किमची दिसते कोबीची, पण तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली मासळी किंवा झिंगे असतात. सारसुद्धा पुष्कळदा सुक्या मासळीच्या पाण्यात करतात. लाजू नका, आधी विचारा. आमच्यासाठी बाईंनी मासळीशिवायची किमची आणली. चिनी कोबी मिठात मुरवून, धुऊन, त्याला मिरची, लसूण, आलं चोळतात आणि आंबू देतात. थंडीच्या तोंडावर शेजारणी-पाजारणी जमून घरोघरची किमची एकत्र करतात. त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने त्याची दखल घेतली. आपण चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सरगुंडे करायला जमतो, त्याची दखल कोण घेणार? आता तर आमच्याकडेही विकतचंच येतं.

मग आला बिबिंबाप. तापलेल्या दगडी वाडग्यात भात, वर भाज्या, बाजूला तिखट चटणी. (अंडं नि मांस नको म्हणून आधीच सांगायचं.) सगळं कालवून चमच्याने खायचं, तळाशी खरपूस खरवड. चटणीत सोयाबीन आंबवलेलं असतं हे ऐकून मी चाटच पडले. आमच्याकडे शिवारभर सोयाबीन, पण ते जातं तेलाच्या गिरणीत. घरच्या चटणीत ते घालावं हे कधी सुचलं नाही बाप्पा.

मी चमचा उचलणार, तर लेक म्हणाली, "थांब आई. यांच्यात सगळ्यांत मोठ्या माणसाने सुरुवात केल्याशिवाय बाकीचे जेवत नाहीत."

झालं! आता मोठं कोण? मानाने त्या, मुलाची आई. वयाने मी, दोन वर्षांनी. लेक वाडग्यात बघत बसली. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मग आज आधी तुम्ही."

टोमणा की काय, कळेना. हात उचलेना. शेवटी कांद्याच्या पातीचं धिरडं आलं होतं, त्याचा तुकडा मी त्यांच्या ताटलीत वाढला आणि मग पहिला घास घेतला.

त्या थोडं खाऊन म्हणाल्या, "त्या दिवशी मानाचं नव्हतं हो सगळं. मला साखर आहे. वेळेवर पोटात गेलं नाही की डोळ्यांपुढे अंधारी येते. नव्या सोयऱ्यांत सांगायचं कसं? म्हणून उठून खोलीत जाऊन पडले."

तीन वर्षं! मी मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "अहो, एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः ताट घेऊन आले असते," एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मुळ्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "भात मी अर्धाच घेते," म्हणाल्या. उरलेला लेकीने संपवला.

निघताना मालकीणबाईंनी किमचीचा डबा दिला, दोन्ही हातांनी धरून. झाकण सैल ठेवा, आतून फसफसतं, अशी खूणही केली. ती मी विसरले. रात्री ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये लसणाचा असा घमघमाट सुटला, की क्लीनर दोनदा मागे येऊन बघून गेला. मी आपली पदर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी घरी येऊन चहा ठेवते तोच फोन वाजला. लेकीचा असेल म्हणून उचलला, तर विहीणबाई. "पोचलात ना? डबा फुटला नाही ना वाटेत?"